तेहतीस चिंचोके

मृग लागायला नऊ दिवस उरले होते. मंगरूनं पिकअपमधून चारही मडकी गिरणीवर आणली, ओसरीत ओळीनं मांडली, आणि रामाजींनी सवयीनं आधी ती मोजली. चार मडकी मोजायला असा कितीसा वेळ लागतो? पण रामाजी बोरकुटे चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले तरी दोनदा मोजल्याशिवाय स्वतःच्या बोटांवरही विश्वास ठेवत नसत, आणि यंदा तर विश्वास ठेवावा असं चार घरांच्या त्या टोल्यात फारसं काही उरलं नव्हतं.

भांडण सडकेचं होतं. फाट्यावरच्या डांबरी रस्त्यापासून मोहाटोल्यातल्या चार घरांपर्यंत आणि धानाच्या गिरणीपर्यंत सव्वादोन किलोमीटर मुरमाची सडक. एका अंगाला सागाचं जंगल, दुसऱ्या अंगाला धानाची शेतं, म्हणजे बांध्या, मधे एक नाला. रामाजींच्या वडिलांनी, झिंगूजींनी, ती घरच्या बांध्या मोडून काढली आणि मरेपर्यंत पंचायतीला दिली नाही. सरकारी झाली की ठेकेदार येईल, ठेकेदार आला की डांबर येईल, आणि ते डांबर एका पावसाळ्यात वाहून गेलं की पुढची वीस वर्षं इकडे कोणी फिरकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांना खोटं पाडणारा अजून कोणी भेटलेला नाही.

झिंगूजींचा कायदा सोपा होता. फाट्यावर घरचाच डिझेलचा पंप. ज्याच्या नावावर वाहन, त्याचं पंपाच्या केबिनमध्ये एक मडकं. पन्नास लिटर भरले की मडक्यात एक चिंचोका टाकायचा. मृगाच्या आधी मडकी सगळ्यांसमोर उलटी करायची, आणि ज्याचे जितके चिंचोके तितक्या ट्रॉल्या मुरूम त्यानं सडकेवर आणून टाकायचा. जो जास्त फिरला त्याचा मुरूम जास्त. चाळीस वर्षं या कायद्यानं सडक जगवली. मग गेल्या दिवाळीत निकेशनं आपली पहिलीच गाडी आणली, तीही बॅटरीची.

निकेश मंगरूचा मुलगा. मंगरू रामाजींचा धाकटा भाऊ आणि खुद्द पंपवाला. बाप डिझेल विकतो आणि पोरगा गाडी मोबाईलसारखी चार्जिंगला लावतो, यावर टोल्यात महिनाभर हसणं झालं. पुढे लोकांच्या लक्षात आलं की निकेशच्या मडक्यात आता काहीच पडणार नाही, आणि हसणं थांबलं.

यंदा मुरूम कमी पडून चालणार नव्हता. नाल्याच्या उतारावर गेल्या भादव्यात घळ पडली होती आणि ती तशीच होती. रामाजींचा मधला भाऊ इसरू वारला त्याला अकरा वर्षं झाली. त्याची बायको कांता फेब्रुवारीपासून मंगळवारी आणि शुक्रवारी गडचिरोलीला डायलिसिसला जात होती. निकेशच तिला नेत होता, त्याच बॅटरीच्या गाडीतून. पावसात त्या घळीतून गाडी निघणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. तिची मुलगी रिना वडशाहून रोज फोन करायची, चार महिने गडचिरोलीत खोली करून राहा म्हणायची. कांतानं तिला एकदाच सांगितलं होतं की खोलीत मी एकटी राहणार नाही. सडक असेल तर जाईन, नसेल तर जाणार नाही. डॉक्टरांनी मात्र एकही खेप चुकवू नका म्हणून बजावलं होतं.

म्हणून रामाजींनी मडकी दोनदा मोजली. प्रफुलच्या मडक्याकडे, म्हणजे स्वतःच्या मुलाच्या मडक्याकडे, त्यांनी जरा कमीच पाहिलं. त्याचं कारण त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

"चाला," ते म्हणाले. "गिरनीचं कर पहिलं."

मंगरूनं गिरणीच्या ट्रकचं मडकं गोणपाटावर उलटं केलं. वीस. मग स्वतःच्या पिकअपचं. तेरा. मग प्रफुलचं.

एकोणीस.

मंगरू साठीचा माणूस, एका कानानं अधू, म्हणून बोलतो ते जरा मोठ्यानंच बोलतो. "गेल्या साली बत्तीस होते," तो म्हणाला. "ट्रॅक्टर तर दोनचे दोनच आहेत."

"काम कुठी होतं काका औंदा?" प्रफुल ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता.

"उन्हाळी धानाच्या चिखलनीत तुहे दोन्ही ट्रॅक्टर थांबले नोयते बाप्पा. मी कानानं अधू आहे, डोळ्यानं नाई."

प्रफुलच्या डोक्यात दुसराच आकडा फिरत होता. सोळा. वर्षभरात त्यानं काकाच्या पंपावर सोळा चिंचोक्यांचंच डिझेल घेतलं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मडक्यातून निघाले एकोणीस. गेल्या वर्षीही तसंच झालं होतं. त्याच्या ध्यानात एकोणतीस होते आणि मडक्यातून बत्तीस निघाले. काका माझ्या मडक्यात गुपचूप जास्तीचे टाकतो, आपल्या पोराचा मुरूम माझ्या अंगावर घालतो, हे त्यानं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि ज्या दिवशी ठरवलं त्या दिवसापासून निम्मं डिझेल तो गडचिरोलीच्या वाटेवर, सावली गावाच्या अलीकडच्या एका पंपावर भरायला लागला होता. तिथं मडकं नव्हतं.

आज पुन्हा तीन जास्त निघाले. चोर रंगेहाथ सापडला होता. पण बोलायची सोय नव्हती. सोळाच होते म्हणावं, तर बाकीचं डिझेल कुठून आलं, हे पहिलं कोणीतरी विचारणार. त्यामुळे त्यानं राग दुसरीकडे काढला.

"माह्या एकोनिसाले काय पाहून राह्यले? ज्याचं शून्य आहे त्याले विचारा ना."

सगळे निकेशकडे वळले. निकेशची तयारी झालेली दिसत होती. तो खाली बसलासुद्धा नव्हता.

"मी कवा नाई म्हनलं दादा? माही गाडी चालते, सडक झिजते. मीबी मुरूम टाकतो. फक्त मोजाचं कशावर ते सांगा. डिझेल मी घेतच नाई, तर लिटर कुठून आनू?"

"गाडी चार्जिंगले कुठी लावते?" रामाजींनी मधेच विचारलं. "गिरनीच्या लाइनवर तं नाई?"

"माह्या घरी लावतो, मोठे बाबा. मीटर माहं आहे."

"पाहून घीन," रामाजी म्हणाले, आणि ते खरंच पाहून घेणार होते.

"किलोमीटरवर धरा," निकेश म्हणाला. "गाडीत आकडा येते. किती चालली, समदं दिसते."

"तुह्या गाडीतला आकडा वाचनार कोन? तूच," प्रफुल म्हणाला.

"मोबाईलवर पाठवतो सप्पाईले. पाहिजे तर तुमच्याबी गाड्याईले तसं यंत्र बसवू. ज्याची जितकी चाल, तितका त्याचा मुरूम."

"म्हनजे कोन कुठी गेला, कुठी थांबला, हे तुह्या मोबाईलवर येनार?" प्रफुलचा आवाज एकदम चढला. "तुले सडकेचं पडलं नाई बे. तुले आमच्यावर नजर ठेवाची आहे."

रामाजींनी मुलाकडे पाहिलं. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही तो यंत्राला इतका का भितो, असं त्यांच्या मनात आलं. आलं आणि राहिलं.

"ट्रॅक्टरचं काय कराचं मंग?" मंगरूनं विचारलं. "ट्रॅक्टर अर्धा दिवस बांधीत फिरते. बांधी काई सडक नोय."

"डिझेलबी बांधीतच जळत होतं ना बाबा," निकेश म्हणाला. "इतकी सालं कोनी बोललं नाई. आन् भरली ट्रॉली एका खेपेत सडकेचं जे करते ते माही गाडी महिनाभर करत नाई."

"बॅटरीची गाडी जड असते, मीबी वाचलं आहे," प्रफुल म्हणाला. "फुकटात चालते आन् वरून आमाले शिकवते."

"फुकटात? मंग वहिनीची स्कुटीबी बॅटरीचीच आहे. तिचा चिंचोका कोनी मांगतला?"

गिरणीच्या आतल्या खोलीत कांता खाटेवर पडून होती. तिथून चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली मयुरी जागच्या जागी थांबली.

मयुरी प्रफुलची बायको, सावलीच्या शाळेत शिकवते. भांडणात आपलं नाव निघेल हे तिला वाटलंच नव्हतं, आणि निघालं तेही निकेशच्या तोंडून. दर शनिवारी हाच तिच्या घरी येऊन स्कुटीची हवा बघून जायचा. तिनं ट्रे खाली ठेवला.

"माहा चिंचोका मीच टाकते, घ्या," ती म्हणाली. "एक कशाले, दोन टाकते. मांगतलं असतं तर तवाच टाकला असता. सभेत काढाची गरज नोयती, निकेशभाऊ."

"तसं नाई वहिनी..."

"आयकलं मी कसं ते."

प्रफुलला बरं वाटलं. बायको आपल्या बाजूनं बोलली, असं त्याला वाटलं. मयुरी कोणाच्याच बाजूनं नव्हती. उन्हाळाभर दोन्ही ट्रॅक्टर घरी उभे राहिले नव्हते, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? रोज रात्री चिखलानं भरलेले कपडे तीच भिजवत होती. बत्तीसचे एकोणीस कसे झाले, हा मंगरूकाकाचा प्रश्न तिचाही होता. इतकं काम असून काकाच्या पंपावर डिझेल कमी कसं, असं तिनं नवऱ्याला वैशाखातच विचारलं होतं, तेव्हा प्रफुल ताटावरून उठून गेला होता. तेव्हापासून ती गप्प होती, पण विसरली नव्हती.

"चौथं मडकं उलटं करा," प्रफुल म्हणाला.

"त्यात काय आहे?" मंगरू म्हणाला. "माह्या पोरानं थेंबभर डिझेल घेतलं नाई."

"नसो. आबाच्या कायद्यात मडकं उलटं होते. रिकामं तं रिकामं. सप्पाईनं पाहू द्या रिकामं कसं असते ते."

ते बोलणं लागेल असंच होतं आणि निकेशला लागलं. त्यानं बापाला थांबवलं, स्वतः पुढे झाला, आपलं मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि गोणपाटावर पालथं घातलं.

चिंचोक्यांचा सडा पडला.

एक दोन नव्हे. खडखडत सगळ्या गोणपाटावर पसरले, दोनचार ओसरीच्या पायरीवरून अंगणात गेले. निकेश मडकं हातात धरून तसाच वाकलेला राहिला. मंगरूनं गुडघ्यावर बसून मोजले. रामाजींनी पुन्हा मोजले. तेहतीस.

"साडेसोळाशे लिटर," प्रफुल सावकाश म्हणाला. "काका, तुमच्या पोरानं थेंबभर घेतलं नाई म्हने."

"मी नाई टाकले," मंगरू म्हणाला. "आईची आन."

"मंग डिझेल गेलं कुठी? निकेश, बोल ना. नदीवरून रात्री रेतीच्या गाड्या चालतात म्हनतात. त्यात तं नाई घातलं?"

"दादा, तोंड सांभाळून बोल."

"मी सांभाळू? गाडी दाखवाची बॅटरीची, आन् डिझेल जाळाचं साडेसोळाशे लिटर."

निकेशनं मडकं खाली ठेवलं. "मले समजलं," तो म्हणाला. "हे तूच टाकले. माह्या मडक्यात शून्य निघालं तर मी किलोमीटरची गोष्ट करीन, म्हनून भरून ठेवलं. तेहतीस ट्रॉल्या माह्या बोडक्यावर, आन् वरून मी चोर. तुहे बत्तीसचे एकोनीस झाले, ते उरलेले इथी आले."

"मी? मी तुह्या बापाच्या केबिनीत पायबी ठेवत नाई."

"तेच तं. काऊन ठेवत नाई? घरचा पंप सोडून जाते कुठी?"

इथं रामाजींनी काठी आपटायला हवी होती. त्यांनी आपटली नाही. ते गोणपाटाकडे बघत होते. मडक्यांतले चिंचोके दरवर्षी तेच असतात. मोजून झाले की पुन्हा केबिनमधल्या थैलीत जातात. चाळीस वर्षं हाताळून हाताळून ते निस्तेज, मातकट झालेले. निकेशच्या मडक्यातले हे तेहतीस मात्र तुकतुकीत होते. यंदाच्या चिंचेचे.

मयुरीनं ते सासऱ्यांच्या नजरेमागोमाग पाहिलं. टोल्यात चिंचेचं झाड एकच, कांताकाकूच्या परसात. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिनंच काकूजवळ बसून चिंचा फोडल्या होत्या, आणि काकूनं चिंचोके पाण्यातून काढून, पुसून, एका पिशवीत बांधून ठेवले होते. "कायले ठेवता काकू?" असं तिनं विचारलंही होतं. "लागतात," एवढंच काकू म्हणाल्या होत्या.

मयुरीनं मागं वळून दाराआड पाहिलं. कांता आतल्या खाटेवर उठून बसली होती आणि पदर सारखा करत होती.

"मयुरी," कांतानं आतून हाक मारली. "तुह्या सासऱ्याले सांग, ते माहे आहेत."

लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली, कांता भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, एकदाही समोरासमोर बोलली नव्हती. रामाजीही तिच्याशी बोलले नव्हते. घरात आग लागली असती तरी दोघांनी मधे तिसरा माणूस शोधला असता.

"मामाजी, काकू म्हनतात त्यांचे आहेत," मयुरी म्हणाली.

"आयकलं मी. तिले विचार, काऊन टाकले."

कांताला सांगायला वेळ लागला. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तिला बोलतानाही धाप लागायची, आणि कालच शुक्रवारची खेप झाली होती. कोणी घाई केली नाही.

"फेब्रुवारीपासून चौतीस खेपा व्हाच्या होत्या," ती म्हणाली. "एक दिवस गाडी नाल्यात अडकली तवा गेलो नाई. तेहतीस झाल्या. निकेश मले नेते, आनते. एक रुपया घेत नाई, घेतलाच नसता. गाडी माह्यासाठी दोनदा या सडकेवरून जाते. मंग झिजवते कोन? मीच ना. माह्या नावावर वाहन नाई, तं मडकं कुठून असन? येतानी पंपावर गोळी खायले केबिनीत बसतो, तवा त्याच्या मडक्यात एक टाकतो. घरून घेऊन जातो, माह्या झाडाचा."

"मोठी आई," निकेश म्हणाला, "ते माह्या अंगावर आले ना पन. तेहतीस ट्रॉल्या."

"ते मले सुचलंच नाई रे बाबू. मले वाटे, मी टाकले म्हनजे माहेच. माह्या हिश्श्याची पडीक बरडी आहे, तितला मुरूम घ्या. तेहतीस ट्रॉल्या निंघतीन."

ज्या बाईसाठी सडक हवी होती, तिचाच मुरूम सगळ्यांत जास्त निघाला होता. निकेशला रडू येत होतं आणि राग पण येत होता, आणि दोन्ही त्याच्या तोंडावर दिसत होतं.

प्रफुल मात्र अजून हट्टाला पेटलेला होता. ज्याचा संशय खोटा निघतो तो माणूस लगेच गप्प बसत नाही. "काकू, चाळीस किलोची बाई तू. मागच्या सीटवर पडून असते. तू काय झिजवशीन सडक?"

"जातानी पडून असतो," कांता म्हणाली. "येतानी उठून बसतो. सावलीपासून फाट्यापर्यंत खिडकीतून समदं पाहात येतो. कोनाची गाडी, कोनाचा ट्रॅक्टर, कुठी उभा आहे."

ती तेवढंच बोलली. आवाज चढला नाही, कोणाचं नाव आलं नाही. पण प्रफुलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता ती पुढचं वाक्य बोलेल, आता बोलेल, म्हणून तो वाट बघत राहिला. कांता खाटेवर आडवी झाली.

बोलले ते रामाजी.

"मंगरू, थैली आन इकडे." मंगरूनं जुन्या चिंचोक्यांची थैली दिली. रामाजींनी ती नुसतीच मांडीवर ठेवली. "दुसऱ्याच्या मडक्यात हात घालनारी ती एकटी नाई. प्रफुल, तुह्या एकोनिसातले तीन माहे आहेत."

"तुमचे?"

"दरसाल टाकतो. कवा तीन, कवा चार. मंगरू बाहेर गाडीत तेल भरत असते तवा." रामाजी कोणाकडेच बघत नव्हते. "मुरमाचा निवाडा मी करतो. माह्या पोराचे कमी निंघाले तं उद्या कोनी म्हनन, म्हाताऱ्यानं घरचा वाचवला. म्हनून टाकत आलो. तुह्यावर तीन ट्रॉल्या जास्त पडल्या, माह्यावर बोट नाई आलं."

मंगरू जमिनीवरून उठला. "भाऊ, माह्या केबिनीत? मी असताना?" तो म्हणाला. "चाळीस सालं मी त्या मडक्याईले कोनाले हात लावू देल्ला नाई. अन् तुमी दोघं तं रोजचेच निंघाले."

त्याला खरंच लागलं होतं. प्रफुल त्याच्याकडे बघत होता. वर्षभर या माणसाला आपण मनात चोर म्हणत होतो. पोळ्याला त्याच्या पाया पडताना, त्याच्या घरचे लाखोळीचे वडे खाताना, सगळ्या वेळी. आणि त्या खोट्या चोरीच्या बदल्यात खरी चोरी आपण केली होती. हे त्याला इतकं साफ दिसलं की त्यानं डोळे मिटून घेतले.

"माह्या नावावर आखीन पंधरा धरा," तो म्हणाला.

"कायचे पंधरा?" मंगरूनं विचारलं.

"धरा."

"पन कायचे? एकोनीस निंघाले ना?"

"तो धरा म्हनते ना," आतून कांताचा आवाज आला. "मंग धरा."

मयुरीनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि चहाचे कप उचलायला लागली. तिला आता काही विचारायचं उरलं नव्हतं. घरी गेल्यावर ती बोलणार होती, आणि थोडं बोलणार नव्हती.

त्या दुपारी नवा कायदा झाला. रामाजी म्हणाले, आबानं डिझेल मोजलं कारण तेव्हा डिझेलशिवाय चाक फिरत नव्हतं. आबाला मोजायचं होतं ते चाकच. आता भरल्या ट्रॉलीच्या दहा खेपांना एक चिंचोका, गाडीच्या चाळीस खेपांना एक, मग ती डिझेलची असो की बॅटरीची. स्कुटीला वर्षाचा एक. मडकी केबिनमधून काढून सडकेच्या तोंडाशी उघड्यावर फळीवर ठेवायची. आणि पाचवं मडकं नवीन आणायचं, कांताच्या नावाचं.

"या हिशेबानं मोठ्या आईचा एकबी पुरा होत नाई," निकेश म्हणाला.

"टाकलेले वापस घेत नसतात," आतून आलं.

"आन् उघड्यावर ठेवले तं कोन टाकते, कोन नाई, हे कोन पाहीन?" मंगरूनं विचारलं. तो अजून रुसलेलाच होता.

रामाजींनी थैलीचं तोंड बांधलं. "सप्पाच पाहतीन," ते म्हणाले. "दुसरं करून काय राह्यलो आपन इतके दिवस?"

मंगळवारी सकाळी नाल्याच्या उतारावर प्रफुलचा ट्रॅक्टर मुरूम ओतत होता. बरडीतला लाल मुरूम, घळीत अर्ध्याच्या वर भरत आला होता. फाट्याकडे निघालेली निकेशची गाडी आवाज न करता मागं येऊन उभी राहिली. प्रफुलनं ट्रॅक्टर बाजूला घेतला, उतरला आणि मागच्या खिडकीशी गेला. निकेश समोर बघत राहिला. दोघांचं अजून बोलणं नव्हतं.

कांता उशीला टेकून पडली होती. तिनं काच खाली केली.

"काकू," प्रफुल हळू म्हणाला. "तुले मालूम होतं. सावलीचं."

"होतं."

"कवापासून?"

"दुसऱ्या का तिसऱ्या खेपेपासून."

"मंग काऊन नाई सांगतलं? मी तुले सभेत काय काय बोललो."

कांतानं मान वळवली. मागच्या काचेतून टोल्यातली घरं दिसत होती, चिंचेचा शेंडा दिसत होता.

"मी निस्ती जातच नाई ना प्रफुल," ती म्हणाली. "मले वापसबी याच घरात याचं असते."

तिनं पदराची गाठ सोडली आणि एक चिंचोका त्याच्यापुढं धरला.

"हे घे. आजकाल परत येतानी मले उतराचा जीव राहत नाई. माह्या मडक्यात टाकजो."

"आता खेपेले एक नाई काकू. चाळीस खेपांले एक."

"ते गाडीचं झालं. हे माहं आहे. टाकशीन ना आठवनीनं?"

"मी टाकू?"

"तूच टाक."

गाडी भरलेल्या घळीवरून गेली. एकदा डावीकडे कलली, सावरली आणि चढ चढून दिसेनाशी झाली.

प्रफुलनं त्या दिवशी अजून सहा ट्रॉल्या टाकल्या. चिंचोका शर्टाच्या खिशात होता आणि दर खेपेला तो हात लावून बघत होता. सांजेला तो फाट्यावर गेला. सडकेच्या तोंडाशी फळीवर पाच मडकी होती, चार काळपट आणि एक कोरं लाल. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. पंपाच्या केबिनच्या खिडकीत मंगरूकाका बसला होता आणि त्याच्याकडेच बघत होता, पापणी न हलवता.

बघू दे, असं प्रफुलला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

त्यानं चिंचोका काकाला नीट दिसेल असा वर धरला आणि कांताच्या मडक्यात टाकला. मडकं रिकामं होतं, म्हणून आवाज मोठा झाला. अधू कानाच्या मंगरूनंही तो ऐकला असावा, कारण त्यानं खिडकी लावून घेतली.